लक्ष्मीबाई टिळक : संसारातल्या शहाणपणाचा शोध

शहाणपण कोणाला म्हणावे, हा प्रश्न आपणा विद्यार्थ्यांना सहसा पडत नाही. परीक्षेत गुण मिळाले, चार पुस्तके वाचली, सभेत दोन शब्द बोलता आले की आपण शहाणे झालो असे आपण समजतो. ज्ञान आणि शहाणपण यांत फरक आहे, हे खेड्यातील एखादी निरक्षर आजी जितके सहज जाणते तितके आपण जाणत नाही. ख्रिस्ती धर्मग्रंथात शलमोन राजाची कथा आहे. देव प्रसन्न झाला असता त्याने दीर्घायुष्य मागितले नाही, धन मागितले नाही; बरे आणि वाईट ओळखणारे मन मागितले. त्याच ग्रंथात याकोबाचे एक छोटेसे पत्र आहे. ज्याला शहाणपण उणे असेल त्याने ते देवाजवळ मागावे, आणि वरून येणारे शहाणपण शुद्ध, सौम्य, समजूतदार व दयेने भरलेले असते, असा त्याचा आशय आहे.

राजाची गोष्ट झाली. परंतु चुलीपाशी बसणाऱ्या, मुलेबाळे सांभाळणाऱ्या, उद्याच्या धान्याची काळजी वाहणाऱ्या साध्या माणसाने हे शहाणपण कोठे शोधावे? या प्रश्नाचे उत्तर देणारे एक चरित्र आपल्या मराठी भाषेत आहे. ते लक्ष्मीबाई टिळक यांचे.

आमचे वाटूर हे परतूर तालुक्यातील गाव. जालन्याहून मंठ्याकडे जाणारी एस. टी. वाटूर फाट्यावर थांबते, तेथे उतरावे आणि घराची वाट धरावी. जालन्याला गेलेल्या मनुष्यास तेथील जुनी ख्रिस्ती वस्ती आणि मिशनचे कार्य परके नाही. रेव्हरंड नारायण शेषाद्री या ब्राह्मण कुळात जन्मलेल्या धर्मोपदेशकाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जालन्याजवळ बेथेल नावाचे गाव वसविले, हे आपल्या जिल्ह्याच्या इतिहासातील एक पान आहे. त्यामुळे ख्रिस्ती झालेल्या मराठी माणसाचा संसार कसा चालत असेल, याचे कुतूहल मला लहानपणापासून होते. ‘स्मृतिचित्रे’ हे लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र हाती आले आणि ते कुतूहल पुष्कळसे शमले. त्या वाचनातून जे मनात राहिले ते येथे मांडण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूर या गोदाकाठच्या खेड्यात झाला. माहेरचे आडनाव गोखले, आणि नाव मनकर्णिका. घरात सारे मनू म्हणत. या घरावर १८५७ च्या बंडाची गडद छाया पडली होती. मनूच्या आईच्या वडिलांना त्या धामधुमीत फाशी झाली. त्या घटनेचा मनूच्या वडिलांवर असा विलक्षण परिणाम झाला की त्यांना सोवळ्याचे वेडच लागले. घरात येणारी प्रत्येक वस्तू धुतली जाऊ लागली. धान्य तर धुतलेच, पण मीठसुद्धा धुऊन घेण्यापर्यंत मजल गेली. पाण्यात मीठ विरघळते हे त्या गृहस्थांना ठाऊक नव्हते असे नाही. परंतु भीतीने ग्रासलेल्या मनाला साधी गोष्टही दिसत नाही. घरातील बायकामुलांना या सोवळ्याचा किती जाच झाला असेल, याची कल्पनाच करावी.

या बालपणाचे वर्णन लक्ष्मीबाईंनी पुढे विनोदाने केले आहे. वडिलांविषयी त्यात कडवटपणा नाही. मात्र एक गोष्ट आपण लक्षात ठेवावी. शिवाशिव हा ज्या घराचा श्वास होता, त्या घरातील ही मुलगी होती. पुढे तिने जे केले त्याचे मोल यावरून ठरते.

१८८० च्या सुमारास, वयाच्या अकराव्या वर्षी, मनूचे लग्न नारायण वामन टिळक यांच्याशी झाले आणि ती लक्ष्मी झाली. टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला होता. आई लवकर गेली. वडील फार कडक. मुलगा नाशिकला येऊन संस्कृत शिकला, कविता करू लागला, व्याख्याने देऊ लागला. बुद्धी तेजस्वी, अंतःकरण फुलासारखे, परंतु पाय एका जागी ठरत नसे. आज येथे नोकरी, उद्या तेथे. केव्हा घर सोडून निघून जातील याचा नेम नसे. सासऱ्यांचा स्वभाव तापट, पतीचा पत्ता नाही, हाती पैसा नाही, अशा स्थितीत या मुलीने संसाराचे धडे गिरविले. घरात पैशाची चणचण असताना टिळक एकदा एक सुबक दौत विकत घेऊन आले, ही हकिकत वाचताना आपण हसतो. परंतु त्या दिवशी घरातील बाईला हसू आले असेल का, याचाही विचार मनात येतो.

लक्ष्मीबाईंना शाळा अशी मिळालीच नाही. टिळकांनी त्यांना अक्षरओळख करून दिली. जोडाक्षरे त्यांना पुष्कळ काळ त्रास देत राहिली. पुढे मराठीतील अत्यंत सरस असे गद्य लिहिणाऱ्या लेखिकेची ही सुरुवात होती, हे आपल्यापैकी ज्यांना शुद्धलेखनाची भीती वाटते त्यांनी ध्यानात घ्यावे.

टिळक नागपूरकडे असताना त्यांच्या मनात धर्मविषयक मंथन चालू झाले. जातिभेदाने पोखरलेल्या समाजाचे कल्याण कोणत्या मार्गाने होईल, हा त्यांचा ध्यास होता. १८९३ च्या सुमारास आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन मिशनरी गृहस्थाची गाठ पडली. दोघांचे काव्यावर व धर्मावर बोलणे झाले आणि निघताना त्या गृहस्थाने नव्या कराराची एक प्रत भेट दिली. ती वाचण्याचे वचन टिळकांनी पाळले. ख्रिस्ताचे डोंगरावरील प्रवचन वाचताना त्यांना आपल्या प्रश्नांची उत्तरे सापडत गेली. दोन वर्षांच्या तळमळीनंतर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

ही बातमी लक्ष्मीबाईंना कळली तेव्हा त्यांच्यावर आकाश कोसळले. त्या काळी नवरा बाटला म्हणजे बायको सवाष्ण असून विधवेहूनही दीन झाली. मुलगा दत्तू तेव्हा अवघा तीन-चार वर्षांचा होता. नातेवाइकांनी त्यांना आधार दिला. पंढरपुरासारख्या क्षेत्री त्यांनी दिवस काढले. दुःखाच्या त्या काळात त्यांच्या तोंडून कविता बाहेर पडू लागली. ज्या स्त्रीला जोडाक्षर लिहिता येत नव्हते, तिच्या शोकाला शब्द सापडले.

येथे या चरित्रातील पहिला मोठा पेच उभा राहतो. एकीकडे धर्म, आप्त, सारा समाज, दुसरीकडे पती. टिळकांची पत्रे येत होती. त्यांचे प्रेम उणे झाले नव्हते आणि त्यांनी जबरदस्तीही केली नाही. सुमारे साडेचार-पाच वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाईंनी पतीकडे जाण्याचा निर्णय घेतला; मात्र स्वतःचा धर्म सोडून नव्हे. नगर जिल्ह्यात टिळकांजवळ राहावयास आल्यावर त्यांनी आपली चूल वेगळी ठेवली, आपले पाणी वेगळे ठेवले. टिळकांनी ते सारे मान्य केले. बायकोने आपल्यामागून फरफटत यावे असे त्यांना वाटत नव्हते. तिला जे पटेल ते तिने स्वतः पटवून घ्यावे, ही त्यांची वृत्ती होती. अशी मोकळीक देणारा नवरा आजही विरळाच.

मग पालट झाला तो कसा? कोणाचे व्याख्यान ऐकून नव्हे, की वादात हरून नव्हे. लक्ष्मीबाई एकदा जातीविषयी विचार करीत बसल्या. जात देवाने केली की माणसाने? देवाने केली असती तर पशुपक्ष्यांत जशा निरनिराळ्या जाती डोळ्यांना दिसतात तशा त्या माणसांतही दिसल्या नसत्या का? सर्वांचे रक्तमांस एक, जन्म एक, मरण एक. मग हा भेद आला कोठून? पुष्कळ वेळ मनाशी झगडून त्यांनी ठरविले की हा भेद माणसाने केलेला आहे, आणि माणसाने केलेला भेद आपण पाळणार नाही. त्यानंतर त्या कोणाच्याही हातचे खाऊपिऊ लागल्या. मीठ धुणाऱ्या बापाच्या मुलीने हे ठरविले! पुढे त्यांनी बायबल वाचले, ख्रिस्ताची ओळख करून घेतली आणि १९०० साली राहुरी येथे बाप्तिस्मा घेतला.

हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. प्रथम त्यांच्या मनातून माणसामाणसांतील भिंत पडली आणि नंतर त्यांनी धर्म स्वीकारला. शहाणपण देवाकडे मागणे म्हणजे डोळे मिटून स्वस्थ बसणे नव्हे. आपल्या मनातील जुन्या समजुती एकेक करून उजेडात आणून पाहणे आणि जे खोटे ठरेल ते टाकण्याचे धैर्य दाखविणे, असा त्याचा अर्थ लक्ष्मीबाईंच्या आयुष्यात दिसतो.

राहुरीचे दिवस मोठे कठीण होते. १८९९-१९०० च्या दुष्काळाने देश होरपळून निघाला होता. आपण मराठवाड्यातील माणसे. दुष्काळ म्हणजे काय हे आपणास पुस्तकात वाचावे लागत नाही. १९७२ च्या दुष्काळातील सुकडीच्या आणि खडी फोडण्याच्या आठवणी आमच्या गावातील वडीलधारी मंडळींकडून आम्ही ऐकल्या आहेत. त्यावरून त्या जुन्या दुष्काळाची कल्पना यावी. टिळकांचे घर अनाथ मुलांचा आणि गरजूंचा आसरा झाले. टिळक कोणालाही घरी घेऊन येत. त्यांना खाऊ काय घालावयाचे हा विचार लक्ष्मीबाईंनी करावयाचा. पुढे नगरलाही घरात विद्यार्थ्यांची व पोरक्या मुलांची वर्दळ कधी थांबली नाही. जन्म दिलेली मुले आणि वाढवलेली मुले यांत त्या माउलीने भेद मानला नाही.

प्लेगची साथ आली तेव्हा माणसे आपल्या जिवलगांनाही टाकून पळत होती. अशा वेळी लक्ष्मीबाई आजारी मुलींच्या शुश्रूषेला गावाबाहेरच्या झोपड्यांत राहिल्या. त्यांना वैद्यकाचे शिक्षण नव्हते. भीती वाटत नव्हती असेही नाही. आपल्या भित्रेपणाच्या कथा त्यांनी स्वतःच हसत हसत सांगितल्या आहेत. तरीही त्या गेल्या. ज्या मुली आईबापांपासून दूर होत्या त्यांच्याजवळ कोणी तरी आईसारखे असावे, इतकेच त्यांना कळले. आपण एरवी मोठी तत्त्वे सांगतो आणि प्रसंग आला की मागे सरतो. त्यांनी तत्त्व सांगितले नाही, पण पाऊल मागे घेतले नाही.

टिळक पतिपत्नींचा संसार म्हणजे नुसता सोज्ज्वळ देव्हारा होता, असे मात्र कोणी समजू नये. दोघेही स्वभावाने तडफदार. भांडणे होत, रुसवेफुगवे होत, अबोले धरले जात. एकाचा हात सढळ, तर दुसरीला उद्याची चिंता. हे सारे लक्ष्मीबाईंनी झाकून ठेवले नाही. पतीचे मोठेपण सांगताना त्यांचा विक्षिप्तपणा सांगितला आणि स्वतःच्या चुकाही सांगितल्या. खरे बोलावे पण दुखवू नये, दोष सांगावा पण प्रेम उणे होऊ देऊ नये, ही कला त्यांना साधली होती. याकोबाच्या पत्रातील सौम्य आणि समजूतदार शहाणपण ते हेच असावे.

याच घरात बालकवी ठोंबरे राहिले. टिळकांनी त्यांच्यातील कवी ओळखला आणि लक्ष्मीबाईंनी त्या हळव्या, हट्टी मुलाला मायेने सांभाळले. ठोंबरे हिंदू होते आणि या ख्रिस्ती घरात हिंदूच राहिले. त्यांच्यावर धर्माचे ओझे कोणी लादले नाही. आपल्याला जी मोकळीक मिळाली तीच या बाईंनी दुसऱ्याला दिली. १९१८ च्या मे महिन्यात भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली सापडून बालकवींचा अंत झाला, तेव्हा या घराने मुलगाच गमावला.

टिळक १९१२ पासून ‘ज्ञानोदय’ पत्राचे मराठी संपादन पाहत होते. ख्रिस्ताची भक्ती मराठी संतांच्या वाणीत, अभंग-कीर्तनाच्या रूपात घरोघर जावी, अशी त्यांची तळमळ होती. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, एक प्रकारचा संन्यासच घेतला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ ही चळवळ सुरू केली. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा ख्रिस्तभक्तांचा तो मेळावा व्हावयाचा होता. लक्ष्मीबाईंच्या वाट्याला पुन्हा अस्थिरता आली. परंतु या वेळची लक्ष्मी १८९५ ची लक्ष्मी नव्हती. तेव्हा त्या कोसळल्या होत्या. आता त्या उभ्या राहिल्या.

९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईस वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाचे दहन करण्यात आले आणि अस्थी नगरला नेण्यात आल्या. लक्ष्मीबाई तेव्हा पन्नाशीच्या होत्या. पोटासाठी त्यांनी मुंबईत मुलींच्या वसतिगृहाची देखरेख करण्याची नोकरी धरली, पण ती फार दिवस टिकली नाही. नंतर त्या मुलासमवेत राहिल्या. काही काळ कराचीसही काढला. प्रवचने केली, कीर्तने केली. पतीचा हात सुटला तरी त्याचे काम त्यांनी सोडले नाही.

टिळकांच्या मागे एक मोठे काम अपुरे राहिले होते. ख्रिस्ताचे चरित्र ओवीबद्ध रचावे म्हणून त्यांनी ‘ख्रिस्तायन’ आरंभिले होते. सुमारे अकरा अध्यायांपर्यंत ते आले आणि लेखणी थांबली. मोठमोठ्या पंडितांनी हात लावावयास कचरावे असे ते काम या अल्पशिक्षित बाईंनी अंगावर घेतले आणि साठाहून अधिक अध्याय लिहिले. त्यांच्या मृत्यूनंतर १९३८ साली तो ग्रंथ प्रकाशित झाला.

मुलगा देवदत्त याच्या आग्रहाने त्यांनी आपल्या आठवणी लिहिल्या. ‘स्मृतिचित्रे’चे भाग १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागले आणि महाराष्ट्राने त्यांना डोक्यावर घेतले. ज्या नाशिकच्या परिसरात मनूचे बालपण गेले, त्याच नाशिकला २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांनी देह ठेवला. हिंदू आणि ख्रिस्ती या दोन्ही समाजांना त्या आपल्या वाटल्या, हे त्यांच्या आयुष्याचे फार मोठे यश होय.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. संसारात राहून देवाचे शहाणपण कसे शोधावे? लक्ष्मीबाईंनी त्यासाठी घर सोडले नाही. स्वयंपाक करताना, भांडताना, अनाथ मुलाचे डोके विंचरताना, आजारी मुलीच्या उशाशी जागताना त्या शिकत गेल्या. चुकले तर चुकले म्हटले. हसण्यासारखे असेल तेथे प्रथम स्वतःला हसल्या. जे पटले नाही ते पतीच्या सांगण्यावरूनही केले नाही, आणि जे पटले ते जगाच्या भीतीने टाळले नाही. धर्म पालटला म्हणून त्यांनी जुन्या माणसांचा द्वेष केला नाही. पंढरपूरच्या आठवणीही त्यांनी आदराने जपल्या.

आणि आपण? आपल्यातील कोणी हिंदू असेल, कोणी बौद्ध, कोणी मुसलमान, कोणी ख्रिस्ती. वर्गात आपण एका बाकावर बसतो, डबेही एकत्र उघडतो. पण सुटीत गावी गेल्यावर तोच मित्र घरी आला तर त्याला पाणी कोणत्या पेल्यातून दिले जाते, हे आपण कधी पाहिले आहे काय? मी पाहिले आहे. पाहिले आणि गप्प बसलो आहे. आमच्याच घरी एकदा माझ्या सोबत्यासाठी निराळा पेला पुढे आला. तो त्याने ओळखला, मीही ओळखला. दोघेही काही बोललो नाही. त्या दिवसानंतर तो आमच्याकडे आला नाही. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना लक्ष्मीबाई जातीविषयी विचार करीत बसल्या तो प्रसंग आला आणि मला तो पेला आठवला. मी पदवीच्या वर्गात शिकतो, त्यांना जोडाक्षर येत नव्हते. परंतु जे त्यांना कळले ते मला त्या दिवशी कळले नाही, किंवा कळून वळले नाही.

या दिवाळीच्या सुटीत त्या सोबत्याला मी पुन्हा घरी बोलावणार आहे, आणि पाणी मी स्वतः आणून देणार आहे, ज्या पेल्यातून आम्ही सारे पितो त्याच पेल्यातून. आईला काय सांगावे ते अजून ठरलेले नाही. त्यासाठी लागणारे शहाणपण मागावयाचे कोणाकडे, हे मात्र या माउलीने शिकविले आहे. तिच्या स्मृतीस विनम्र अभिवादन!